मेढीला महिपत

(शेणव्यातलं खळं. मधल्या मेढीला, म्हणजे रोवलेल्या खुंटाला, दोरानं बांधलेली मळणीची पात गोल फिरते आहे: मेढीलगत एक तरणा मुलगा, त्याच्या पलीकडे दोन बैल; मागून म्हातारा धाकलू पात हाकतो आहे. सायकल टाकून एक मास्तर धावत येतात.)

मास्तर : सोडा! आधी त्याला सोडा म्हणतो ना!

धाकलू : पात चालू असताना मधून कोनाला सोडत नाय, मास्तर. बैल बिथरतात.

मास्तर : बैल राहू द्या, मी बिथरलोय! अहो धाकलू, हाड बसवायला म्हणून मुलगा तुमच्या ताब्यात दिला, आणि तुम्ही त्याला मळणीला जुंपलात? शहापूरच्या फुटबॉल टीमचा राइट हाफ आहे तो! मॅट्रिकला बसलेला!

धाकलू : बसला व्हता. उठला तवा नापास व्हता.

महिपत : मास्तर, तुमी जरा मागं सरा. पांढऱ्याचं शेपूट लागंल डोळ्याला.

मास्तर : महिपत, अरे तू तरी काही बोल! कमरेला दावं बांधून घेतलंस, आणि वर मलाच मागं सरा म्हणतोस?

महिपत : दावं सैल हाय.

धाकलू : हो सावळ्या, फिर... फिर...

मास्तर : हा सावळ्या कोण आता?

महिपत : मीच.

मास्तर : तू महिपत आहेस!

महिपत : हाय. पन धाकलूबाबांच्या तोंडात सावळ्या बसलंय. आठ दिस झालं, मी बी ओ देतो.

मास्तर : धन्य आहे. मी तिकडे शाळेत सगळ्यांना सांगतोय, महिपत विश्रांती घेतोय, पाय उशीवर ठेवून पडलाय. आणि इथं हा बैलाबरोबर फेऱ्या घालतोय!

धाकलू : उशीवर पाच हप्ते ठेवला व्हता. कांडवेल वाटून लावली, उडदाचं पीठ नि अंड्याचा लेप, वरनं बांबूच्या कामट्या. घोटा हलू दिला नाय. माज्या हातानं शंभर बैल उठलेत, मास्तर.

मास्तर : आणि माणसं?

धाकलू : मान्सं बी उठली असतील. ती दाखवायला परत येत नायत. बैल येतात.

मास्तर : तरी मी म्हणत होतो, सरळ कल्याणला नेऊ. पण सगळे म्हणाले, धाकलूचा हात, धाकलूचा हात. आता बोलून काय उपयोग? बैल गेला नि झोपा केला...

धाकलू : मास्तर! खळ्यावर असलं बोलू नये.

मास्तर : म्हण आहे हो ती.

धाकलू : म्हन असंल. बोलू नये.

महिपत : मास्तर, तुमी नका तापू. घोटा बरा हाय, खरंच. चालतोय बगा.

मास्तर : चालून काय करू मी? पळायचं आहे तुला! पौषी पुनवेला बारा दिवस उरलेत. म्हसाच्या जत्रेत मुरबाडशी मॅच. कल्याणच्या कारखान्याचा साहेब बघायला येतोय, त्याच्या टीमला एक हाफ कमी आहे. टीममध्ये घेतला की कामावर घेतला. विसरलास?

महिपत : कसा इसरंन? नाय घेतला, तर पुनवेनंतरच्या सोमवारी मी नि आय कोळशाच्या भट्टीवर. मुकादम दोनदा घरी येऊन गेलाय. सकुबाय, पोराचा पाय लंगडा का असंना, लाकडं तर रचंल, म्हनला.

मास्तर : मग? त्या मुकादमाला दारातनं परत पाठवायचा असेल तर पळता आलं पाहिजे! ह्या पायानं त्या मुरबाडच्या पोश्याला कसा धरणार तू? त्याच्यामुळेच तर हे सगळं झालं. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी मुद्दाम त्या कोपऱ्यातनं चेंडू नेत होता. त्याला ठाऊक होतं तिथं खेकड्याचं बीळ आहे, तुझा पाय त्यात जाणार!

महिपत : मास्तर, शेत आपलंच व्हतं.

मास्तर : म्हणून काय झालं?

महिपत : बीळ आपल्यालाच ठावं असाया पायजे व्हतं.

धाकलू : नाचता येईना अंगन वाकडं. खेकडा काय मुरबाडचा व्हता?

मास्तर : तुम्ही गप्प बसा! महिपत, तू पळून दाखव मला. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत.

धाकलू : ती परीक्षा मी घेतलीय. आदी पातीच्या कडंला लावला. कडेच्या बैलाला लई मोठा फेरा पडतो, पळावंच लागतं. चार फेऱ्यांत घोटा फुगला. मंग मधी लावला. आठ फेऱ्यांत बसला. मंग मेढीला लावला. आज बी सकाळधरनं फिरतोय, सूज नाय, कळ नाय. ज्याची त्याची जागा असते, मास्तर. ह्या पोराची जागा मेढीला हाय.

मास्तर : फुटबॉलमध्ये मेढ नसते!

धाकलू : म्हनूनच तुमी हारता.

मास्तर : माझ्याकडे पुस्तक आहे! नकाशासकट! दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड. त्यात प्रत्येकाला पळायचं असतं. राइट हाफनं तर वर जायचं, खाली यायचं, वर जायचं, खाली यायचं...

धाकलू : कशाला?

मास्तर : कशाला म्हणजे? तसा खेळ आहे!

महिपत : मास्तर, मला बी मेढीला नाय राहायचं. मेढीला म्हातारा बैल लावतात. पोरं खळ्यावरनं जाताना हसतात मला. शेजारची हिरी पान्याला जाती, ती बी हसती. एकोनीस वर्साचा मी, नि पातीत सगळ्यात हळू चालनारा मीच. लाज वाटते.

धाकलू : म्हातारा नाय रे, जानता लावतात! कडेचा बैल पळतो, पन कुटं पळायचं ते त्याला ठावं नसतं. मेढ्या वळतो तवा पात वळते. मेढ्याचा पाय चुकला का समदी एकमेकांच्या अंगावर. पळनारे रग्गड भेटतात. वळनारा एकच असतो.

मास्तर : हे सगळं ठीक आहे. पण तुमच्याकडे तीन बैल होते ना? तिसरा कुठंय?

धाकलू : चरायला गेलाय.

मास्तर : ऐन मळणीत?

धाकलू : त्याला भूक जास्त हाय. हो सावळ्या, फिर...

*

मास्तर : हा खुंट मैदानाच्या मधोमध कुणी ठोकला?

धाकलू : मेढ नको का?

मास्तर : उपटा तो! पंच बघतोय. धाकलू, बैलबाजार पलीकडे आहे, इकडे फुटबॉलची मॅच आहे. सगळी म्हसाची जत्रा फिदीफिदी हसतेय आपल्याला.

धाकलू : बरं, उपटतो. पन भोक राहू द्या. पोराला जागा कळंल.

मास्तर : बुजवा ते भोक! एका भोकापायीच एवढं रामायण झालंय! आणि नीट ऐकून ठेवा, मी त्याला राइट हाफलाच खेळवणार. तो बघा साहेब, खुर्चीवर, डोक्यावर टोपी. त्याला पळणारा मुलगा हवाय.

धाकलू : तुमचा खेळ, तुमचं पुस्तक. माजा फक्त घोटा.

मास्तर : तुमचा तिसरा बैल आला का चरून?

धाकलू : वैशाखऱ्याला भयनीकडं दिलाय. चार दिस.

मास्तर : परवा तर... जाऊ दे. शिट्टी झाली. चला शहापूर! महिपत, वर जा! खाली ये! वर जा!

*

महिपत : मास्तर... पानी द्या जरा.

मास्तर : अर्धाच खेळ झालाय आणि घोटा बघ कसा झालाय! पोश्या तीनदा तुझ्या बाजूनं निघून गेला. एक गोल चढला आपल्यावर. साहेब घड्याळ बघतोय. महिपत, मी तुला बाहेर काढतो बाळा. तुझा पाय जायचा.

महिपत : नका काढू. पाया पडतो तुमच्या. मला मेढीला लावा.

मास्तर : म्हणजे सेंटर हाफला?

महिपत : तुमच्यात काय म्हनत असतील ते म्हना. धाकलूबाबांनी खुंट ठोकला व्हता तिथं.

मास्तर : तुला तर लाज वाटत होती मेढीची.

महिपत : भट्टीवर गेल्यावर त्याहून जास्त वाटंल. मास्तर, कडेला मी पोश्याच्या मागं पळतो. आनि मागं पळता पळता मला कायच दिसत नाय. मेढीला उभा राहिलो का समदे दिसतात. कोन दमलाय, कोन मोकळा हाय. खळ्यावर नुसता वळत व्हतो तवा कळलं मला ते.

मास्तर : पुस्तकात असं कुठेच... बरं. जा. उभा राहा मधे. हरलोच तर आहोत.

*

धाकलू : हो सावळ्या! फिर! फिर!

मास्तर : ओरडू नका असं, बाजारातले बैल वळून बघतायत! हां, चेंडू आला त्याच्याकडे. घेतला. वळला. दिला डावीकडे. परत आला. परत वळला. परत दिला. अहो, हा जागचा हलत का नाही?

धाकलू : मेढ्या हलत नाय. मेढ्या वळतो.

मास्तर : पण सारखा डावीकडेच का वळतोय?

धाकलू : खळ्यावर माजी पात डावीकडंच फिरते. उजवं शिकवायला दिस कुटं व्हते?

मास्तर : अरे देवा! आपली सगळी टीम डावीकडे फिरायला लागली! आणि चेंडूच्या मागनं मुरबाडवालेही फिरतायत! बावीसच्या बावीस माणसं गोल गोल...

धाकलू : एकोनीस. दोन गोलवाले नि एक मेढ्या सोडून.

मास्तर : साहेब उभा राहिला. संपलं. चालला तो.

धाकलू : जात नाय. तो बी बगतोय. तुमी साहेब सोडा, पोश्याला बगा. समद्यांत भाईर कोन पळतोय?

मास्तर : पोश्या. हे काय, पुन्हा फिरून आला! आणि परत चालला!

धाकलू : कडेचा बैल. ह्या उन्हात त्याला किती फेऱ्या व्हतील? मी आपला बारा धरतो. बाराव्या फेरीला बसंल.

मास्तर : असं कुठं असतं हो? तो चपळ मुलगा आहे, मुरबाडचा सगळ्यात... नऊ... दहा... धाप लागली त्याला... अकरा... बसला! धाकलू, पोश्या बसला! फतकल मारून बसला!

धाकलू : एक फेरी मी जास्त धरली. पोटात जिलबी असंल जत्रेची.

मास्तर : ती बाजू मोकळी झाली! महिपत, दे! अरे दे की, दे!

धाकलू : घाई नको. हो सावळ्या... फिर... सोड!

मास्तर : सोडला! गेला, गेला... गोल! गोल! धाकलू, गोल झाला! सोडा, माझा सदरा सोडा, फाटेल!

धाकलू : तुमीच मला धरलंय, मास्तर.

मास्तर : असं होय. कुणी मारला पण? मला अश्रूंनी नीट दिसलं नाही.

धाकलू : कडेचा कोनतरी. दिला कोनी ते बगितलंत ना?

मास्तर : बघितलं. वाट बघून दिला. जीव वर आला माझा, पण पोरगं थांबलं. एकेक गोल झाला आता. अजून दहा मिनिटं आहेत, अजून एक फेरी... अहो, शिट्टी का वाजत नाही? पंच कुठंय?

धाकलू : तो काय, आडवा झालाय. भोवळ आली. तो बी पातीबरोबर फिरत व्हता. त्याला कुटं सवय?

मास्तर : पाणी! कुणीतरी पाणी आणा! थांबा, मीच नेतो. आणि धाकलू, मी परत येईपर्यंत कुणाशी एक शब्द बोलू नका!

धाकलू : मी कशाला बोलतो?

*

मास्तर : महिपत! थांबवा ती पात! पत्र आलं! कारखान्याचं पत्र आलं!

महिपत : माजं?

मास्तर : तेच तर विचारायला आलोय! ऐक. "सावळ्या धाकलू, राहणार शेणवे, यांनी सोमवारी सकाळी कामावर हजर व्हावे. जागा, सेंटर हाफ." आता मला सांगा, हा सावळ्या धाकलू कोण?

महिपत : लागली? नोकरी लागली?

मास्तर : सावळ्याला लागली! तुझा कुठं उल्लेखच नाही! धाकलू, साहेबाला काय सांगितलंत तुम्ही?

धाकलू : मी आपनहून काय नाय बोललो. तुमी पंचाला पानी पाजत व्हता. साहेब आला, म्हनला, तो मधला पोरगा कोनाचा? मी म्हनलं, माजा. नाव काय? म्हनला. तोंडाला आलं ते बोललो.

मास्तर : तोंडाला आलं! आणि शेणव्यात सावळ्या नावाचा माणूस तरी आहे का कोणी?

महिपत : मानूस नाय, मास्तर. बैल.

मास्तर : कुठला बैल?

महिपत : धाकलूबाबांचा मेढ्या. तिसरा.

मास्तर : तो चरायला गेलेला? वैशाखऱ्याला बहिणीकडे दिलेला?

महिपत : तो मेला. दिवाळीत.

धाकलू : तुला कोनी सांगितलं रे?

महिपत : कोनी नाय. तुमच्या गोठ्यात गव्हानी तीन, बैल दोन. आनि तुमी रोज तिन्हींत पेंढा टाकता.

मास्तर : धाकलू... हे खरं?

धाकलू : पाडव्याला ओवाळला. शिंगं रंगवली, गोंडे बांधले. दुसऱ्या दिशी सकाळी उठलाच नाय. शंभर बैल उठवले मी, मास्तर. घरचा एक उठला नाय. चौदा वर्सं मेढीला व्हता. लेकरू नाय आमाला, तोच काय तो. मंग खळं लागलं, नि पात काय वळंना. हे दोगं नुसते भाईर वडायचे. इतक्यात तुमी हा पोरगा आनून टाकलात.

मास्तर : म्हणजे ती परीक्षा, कडेचा, मधला, मेढीचा, सगळी थाप?

धाकलू : परीक्षा खरी! घोट्याशपत. कडंला लावला नि फुगला, ते खोटं नाय. फक्त मेढीला सुदिक फुगला असता, तर मी काय केलं असतं, ते मला इचारू नका.

मास्तर : आणि मी मूर्ख! तुमची मळणी अडली म्हणून माझ्या टीमचा सेंटर हाफ ठरला!

धाकलू : तुमच्या पुस्तकातनं तरी तो ठरला नसता.

मास्तर : ते... ते असो. पत्र दुरुस्त करून घ्यायला हवं. मी आजच अर्ज लिहितो. सदर सावळ्या हा... काय लिहू मी? सदर सावळ्या हा बैल असून मयत आहे?

धाकलू : चुकी माजी. मी येतो कल्यानला. साहेबाचे पाय धरतो. सांगतो, म्हातारा हाय, जिभेला हाड नाय.

महिपत : नको.

मास्तर : नको काय?

महिपत : अर्ज जानार, तिथं पडनार, त्याचा जाब यायला होळी उजाडंल. तवर जागा राहील का? सोमवारी सकाळी मुकादम बी यायचाय दारात.

मास्तर : अरे, पण जन्मभर सावळ्या धाकलू म्हणवून घेणार? बैलाचं नाव? आणि तुझ्या बापाचं नाव कुठं जाईल?

महिपत : बापानं महिपत ठेवलं नि तो गेला. मी त्याला बगितला बी नाय. आय मला महिपतच म्हनंल, तुमी महिपतच म्हना. तिथं सावळ्या म्हनू देत. मेढीला उभं राहायची लाज वाटायची मला, ती म्हसाच्या जत्रेत सुटली. आता नावाची कशाला वाटंल?

मास्तर : आणि हजेरीला पुकारतील तेव्हा?

महिपत : सावळ्या म्हनलं का मी आपोआप वळतो, मास्तर.

मास्तर : डावीकडे.

महिपत : डावीकडं.

मास्तर : ठीक आहे. मी काही पाहिलं नाही, काही वाचलं नाही. निदान सोमवारपर्यंत त्या घोट्याला विश्रांती दे. एवढं तरी ऐक माझं.

महिपत : भाताच्या भाऱ्यांच्या दोन उडव्या राहिल्यात मळायच्या. तेवढ्या उरकतो. धाकलूबाबा, धरा पात.

धाकलू : राहू दे रे. मी बगंन कायतरी. ह्या पांढऱ्यालाच मेढीला शिकवंन. त्याचं बी वय झालंय.

महिपत : तो शिकंल तवा शिकंल. दावं बांधा.

धाकलू : महिपत...

महिपत : हां?

धाकलू : एक इचारू? सोमवारपासनं तिसऱ्या गव्हानीत पेंढा टाकू, का नको?

महिपत : टाका. ऐतवारी सुट्टी असते कारखान्याला.